खोटं भूत आणि खरी जादू : पडद्यावर हरवलेला वेताळ

तत्त्वज्ञान शिकवण्यात उभं आयुष्य घालवलेल्या माणसाने वेताळावर बोलायचं ठरवलं, हे आपल्यापैकी काहींना रुचलेलं नाही, असं आमच्या कानावर आलं. एका स्नेह्यांनी तर फोन करून विचारलं, "काय हो सर, शंकराचार्य संपले का?" संपलेले नाहीत. ते या व्याख्यानात येणार आहेत आणि एकदा नाही, दोनदा येणार आहेत. थोडा धीर धरा.

विषय असा. १९९६ साली हॉलीवूडच्या पॅरामाउंट कंपनीने 'द फँटम' नावाचा सिनेमा काढला. दिग्दर्शक सायमन विन्सर, नट बिली झेन. फँटम म्हणजे आपला वेताळ. इंद्रजाल कॉमिक्समधला, अंगाला घट्ट बसलेल्या पोशाखातला, कमरेला दोन पिस्तुलं, बोटात कवटीची अंगठी, सोबत लांडगा आणि पांढरा घोडा. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चून काढलेला हा सिनेमा अमेरिकेत पावणेदोन कोटींच्या आसपास गोळा करून थांबला. पुढचे भाग निघायचे होते, ते निघाले नाहीत. आता पडलेले सिनेमे ढिगाने असतात, त्यांचा पंचनामा करायला कुणी सभागृह भाड्याने घेत नाही. पण हा सिनेमा ज्या कारणाने फसला त्या कारणाचा संबंध जंगलाशी आहे, जंगलात राहणाऱ्या माणसांशी आहे, आणि आपण चंद्रपुरात बसलो आहोत. म्हणून आज हा विषय.

आधी नावाबद्दल बोलू. ली फॉक नावाच्या अमेरिकी लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ पासून वर्तमानपत्रात ही चित्रकथा सुरू केली, चित्रं रे मूर यांची. त्याआधी दोन वर्षं त्यांनी मँड्रेक जादूगार सुरू केला होता. आपल्याकडे मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी इंद्रजाल कॉमिक्स काढलं, त्याच्या पहिल्या अंकापासून फँटम होता. पुढे मराठीत तो आला तेव्हा त्याचं बारसं झालं, वेताळ. हे नाव ज्या कुणाला सुचलं त्याला आम्ही मनोमन नमस्कार करतो. फँटम म्हणजे छाया, भास, भूत. मराठीत 'भूत' म्हटलं असतं तरी भाषांतर चुकलं नसतं. पण भूत वेगळं आणि वेताळ वेगळा. वेताळ हा भुतांचा राजा. गावाच्या वेशीबाहेर त्याचा शेंदूर फासलेला दगड असतो. गोव्यात आमोण्याला त्याचं देऊळ आहे, पुण्यात एका टेकडीलाच त्याचं नाव आहे. तो भुतांचा, आणि गावाला भुतांपासून राखणाराही तोच. म्हणजे पाटीलही तोच आणि दरोडेखोरांचा म्होरक्याही तोच! त्याला देव म्हणवत नाही, राक्षस म्हणवत नाही. घरातल्या देव्हाऱ्यात त्याला जागा नाही, पण त्याच्यावाचून रात्री गावाला झोप नाही.

हल्ली ज्याला अँटी-हिरो म्हणतात तो असाच असतो. काही समीक्षक त्याला 'प्रतिनायक' म्हणतात, आम्हाला ते पटत नाही. संस्कृत काव्यशास्त्रात प्रतिनायक म्हणजे नायकाचा प्रतिस्पर्धी, रामाला रावण. आम्ही म्हणतो तो अँटी-हिरो नायकाच्याच जागेवर बसलेला असतो, फक्त त्याचे हात धुतलेले नसतात. आमच्या लहानपणी बाबुराव अर्नाळकरांचा काळा पहाड होता, तो याच जातीचा. ली फॉकच्या मूळ फँटममध्ये हे काळं अंग थोडं फिकट आहे, तो बराचसा सभ्य गृहस्थ आहे. मराठी नावाने त्याला रात्र दिली. शत्रूच्या जबड्यावर कवटीची खूण कायमची उमटवणारा, कोणत्याही कोर्टात उभा न राहणारा, कवटीच्या गुहेत बसून न्याय देणारा माणूस मराठी वाचकाला एकदम ओळखीचा वाटला, कारण त्याच्या वेशीवर तो आधीपासूनच बसलेला होता.

बल्लारशा स्टेशनच्या स्टॉलवर टांगलेले ते अंक आमच्या पिढीने वाचले. विकत थोडे, उभ्याउभ्या जास्त. गंमत पाहा, जंगल खिडकीबाहेर होतं आणि आम्ही डेंकालीचं जंगल वाचत होतो. डेंकाली हे नाव इंद्रजालचं. मुळात ते बेंगाला, आणि त्याच्याही आधी, अगदी सुरुवातीला, ते चक्क 'बेंगाली' होतं आणि आशियात कुठेतरी होतं. फॉकने लहानपणी किपलिंगचं 'जंगल बुक' वाचलेलं होतं, त्याचा प्रभाव तो स्वतः मान्य करी. ते जंगल सिवनीचं, म्हणजे आपल्या उत्तरेला, नागपूर ओलांडलं की आलंच. तेव्हा डेंकाली हे आपल्या जंगलाचं दूरचं, वाट चुकलेलं भावंड आहे असं म्हटलं तर फार ताणलं असं होणार नाही.

आता कथेतली मुख्य कल्पना. सोळाव्या शतकात चाचे एक जहाज लुटतात, एका पोरासमोर त्याच्या बापाला मारतात. पोर समुद्राने किनाऱ्यावर फेकलं जातं, जंगलातले लोक त्याला वाचवतात. तो बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो : आपण आणि आपल्या वंशातला प्रत्येक जण चाचेगिरीशी, क्रौर्याशी लढेल. तो मुखवटा घालतो. तो मेला की मुलगा तोच मुखवटा घालतो. मग त्याचा मुलगा. असे एकवीस झाले. बाहेरच्या जगाला वाटतं की हा एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे, अमर आहे, चालतं भूत आहे.

इथे शंकराचार्य पहिल्यांदा येतात. आदि शंकराचार्य कधी गेले? आणि आज वर्तमानपत्रात शंकराचार्यांचं निवेदन येतं ते कुणाचं? नाव एक, दंड एक, पीठ एक, देह निराळे. इंग्लंडच्या कायदेपंडितांनी राजाला दोन देह असतात असं मानलं होतं, एक मरणारा आणि एक न मरणारा. कांटोरोविच यांनी १९५७ साली त्यावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. आणि आपली वेताळपंचविशी? तिथे वेताळ राजाच्या खांद्यावर बसून प्रश्न विचारतो. त्यातला मुंडक्यांच्या अदलाबदलीचा प्रश्न आठवा. देवीच्या कृपेने दोन मेलेले पुरुष जिवंत होतात, पण बाईने घाईत याचं डोकं त्याच्या धडावर बसवलेलं असतं. नवरा कोणता? थॉमस मानने १९४० साली त्यावर कादंबरिका लिहिली, गिरीश कर्नाडांचं 'हयवदन' त्याच मुळावर वाढलं. फॉकचा फँटम हाच प्रश्न एक पायरी पुढे नेतो. डोकंही बदललं, धडही बदललं, उरली अंगठी, पोशाख आणि शपथ. मग वेताळ कोण? फॉकने काही वेताळपंचविशी समोर ठेवून लिहिलं नव्हतं, पण मराठी नावामुळे ते दोन वेताळ आमच्या डोक्यात शेजारी बसले आणि तिथून उठायला तयार नाहीत.

गुहेत त्या वीस पूर्वजांची थडगी ओळीने असतात, प्रत्येकाने लिहिलेल्या रोजनिशा असतात. ती चित्रं पाहिली की आम्हाला इथली अचलेश्वराजवळची गोंड राजांची समाधिस्थळं आठवत. राणी हिराईने बीरशहाची समाधी बांधली ती आपण येता-जाता पाहतो. मेलेल्या राजांची ओळ आणि शेवटी आपली रिकामी जागा, हे रोज डोळ्यांपुढे असलेला माणूस कसा जगेल? फार मोठा प्रश्न आहे हा. वेताळाला आपण मरणार हे इतर कुणाहीपेक्षा जास्त नक्की माहीत असतं, आणि 'मी मरत नाही' हे सांगणं हीच त्याची नोकरी!

आता दुसऱ्यांदा शंकराचार्य, यावेळी आदि. दोरी आणि साप. अंधारात दोरी पाहून साप वाटला, भ्याला. उजेड आणला, साप गेला, दोरी राहिली. त्या सापाची सत्ता प्रातिभासिक. पण कल्पना करा, गावातल्या काही शहाण्या लोकांनी ती दोरी मुद्दाम वाटेवर टाकली आहे. त्यांना पक्कं माहीत आहे की ती दोरी आहे. ते ती दर पावसाळ्यानंतर बदलतात, शेपटीकडून नवी विणतात, कारण तो 'साप' पाहून चोर वेशीवरून परत जातात. आता त्या सापाला काय म्हणाल? निव्वळ भास म्हणता येणार नाही, त्याने खरोखरचे चोर परतवले आहेत. हा साप व्यवहारात उतरलेला आहे. वेताळ म्हणजे ही दोरी.

आणि ती दोरी कोण विणतं? हे कॉमिक्समध्ये स्पष्ट आहे, आपण पोरवयात त्याकडे लक्ष दिलं नाही. वेताळ मर्त्य आहे हे त्याच्या घरच्यांशिवाय जंगलातल्या बांदर लोकांना माहीत असतं. ते ठेंगणे, विषारी बाणांचे लोक. त्यांच्या भीतीने गुहेकडे कुणी फिरकत नाही. म्हणजे भुतावर विश्वास ठेवणारे कोण? शहरातले गुंड, बंदरातले चाचे, बंदुका बाळगणारे. आणि भूत खोटं आहे हे जाणून ते गुपित चारशे वर्षं सांभाळणारे कोण? जंगलातले. 'आदिवासी अंधश्रद्धाळू, बाहेरचा माणूस डोळस' हे जे समीकरण आपण शाळेपासून ऐकतो ते इथे नकळत उलटं पडलेलं आहे. वेताळ मरत नाही, कारण बांदर त्याला मरू देत नाहीत.

फॉकची बाजू आम्ही घेतो आहोत असं समजू नका. जंगलाच्या मधोमध सिंहासनावर गोरा माणूस आणि भोवती ठेंगणे काळे लोक, हे चित्र वसाहतीच्या काळातलं आहे आणि ते तसंच दिसतं. त्या लोकांचं नाव 'बांदर' ठेवणं, हे नाव हिंदुस्थानी कानाला कसं लागतं ते आम्ही सांगायला नको. चाच्यांना मूळ कथेत 'सिंग' म्हटलं होतं. सिनेमाने ते 'सेंघ' केलं, तेवढी एक अक्कल दाखवली. पण फॉक काळाबरोबर हलला, हे मान्य करावं लागतं. आफ्रिकेतले देश स्वतंत्र होऊ लागले तसा त्याच्या कथेतला देशही स्वतंत्र झाला, तिथे निवडणूक झाली, लामांडा लुआगा नावाचा काळा डॉक्टर राष्ट्राध्यक्ष झाला. वेताळाची डायना संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करू लागली. १९७७ साली त्यांचं लग्न झालं, दोन वर्षांनी जुळी मुलं. गुहेतल्या माणसाला आता राष्ट्राध्यक्षाशी बोलावं लागत होतं. राजा नसलेल्या देशात राजासारखा बसलेला माणूस, यातून पुढे फार चांगले प्रश्न निघू शकले असते.

सिनेमाने काय केलं? घड्याळ मागे फिरवून कथा १९३८ सालात नेऊन ठेवली. लुआगा नाही, निवडणूक नाही, स्वातंत्र्य नाही. १९३८ हे तेच साल, ज्या साली ग्रिगसनसाहेबांचं बस्तरच्या माडिया गोंडांवरचं पुस्तक निघालं. एक इंग्रज अंमलदार नदीपलीकडच्या माणसांची नावं, कुळं, शेती, लग्नाचे रिवाज बारकाईने लिहून घेत होता, तो काळ. अंमलदाराने जेवढं पाहिलं तेवढंही सिनेमाने पाहिलं नाही.

सिनेमाची कथा थोडक्यात. ड्रॅक्स नावाचा न्यूयॉर्कचा धनिक जादूच्या तीन कवट्या गोळा करतो आहे. एक चांदीची, एक पाचूसारख्या हिरव्या जेडची, एक सोन्याची. तिन्ही एकत्र आल्या की अचाट शक्ती हाती येते, किरण सुटतात, वस्तू भस्म होतात. चांदीची जंगलात सापडते, जेडची न्यूयॉर्कच्या संग्रहालयात, सोन्याची चाच्यांच्या बेटावर. वेताळ मागे मागे. शेवटी कळतं की चौथीही एक कवटी आहे आणि ती म्हणजे वेताळाच्या बोटातली अंगठी. तिच्या जोरावर तो किरण परतवतो, खलनायक खलास.

इथे सिनेमा मेला. पडद्यावर अंगठी चमकली आणि वेताळ गेला. नीट पाहा. कॉमिक्समध्ये त्या अंगठीत काही नाही. लोखंडाचा तुकडा. तिची सगळी ताकद ती ज्याच्या जबड्यावर उमटते त्याच्या आणि ते पाहणाऱ्यांच्या मनात आहे. सिनेमाने तिच्यात खरीखुरी जादू भरली. एवढंच नाही. वेताळाचा मेलेला बाप सिनेमात भूत होऊन येतो आणि मुलाशी गप्पा मारतो. पॅट्रिक मॅकगुहानसारखा कसलेला नट आहे, तो प्रसंग बघायला गोडही वाटतो. पण भूत असल्याचं सोंग घेणाऱ्या माणसाच्या घरात खरं भूत आणून बसवलं, मग त्या सोंगाची काय पत राहिली? ज्या जगात खऱ्या जादूच्या कवट्या आहेत, त्या जगात एक माणूस मुखवटा लावून 'मी अमर आहे' म्हणतो, तेव्हा तो बहुरूपी ठरतो. दोरीशेजारी खरा नाग सोडला की दोरीकडे कोण बघतो? अलौकिक वाढवायला गेले आणि कथेत जे अलौकिक होतं तेच त्यांच्या हातून निसटलं. ते अलौकिक एका गुपितात होतं, अनेकांनी मिळून राखलेल्या. ते पडद्यावर आणायला संगणकाची गरज नव्हती.

आमचा नातू सोबत पाहत होता. त्याने मध्येच विचारलं, "आजोबा, याला सगळे घाबरतात कशाला?" पोराचा प्रश्न रास्त होता. सिनेमात वेताळाला कुणी घाबरतच नाही! भीती तयार व्हायला लोक लागतात, कुजबुज लागते, तीन तालुक्यांत पसरलेली अफवा लागते. न्यूयॉर्कच्या टॅक्सीत बसलेल्या माणसाला कुजबुज कुठून येणार?

बिली झेनला दोष देता येणार नाही. तो मनापासून वेताळ झाला आहे, पोशाखात गाद्या न भरता व्यायाम करून अंग कमावलं, चेहऱ्यावर एक निर्मळ हसू आहे. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटंही बरी आहेत. जंगलातल्या झुलत्या पुलावर अडकलेला ट्रक, त्यात बांधून ठेवलेलं एक स्थानिक पोर, आणि त्याला वाचवायला येणारा घोडेस्वार. त्या पोराला गुंडांनी वाटाड्या म्हणून जबरदस्तीने धरलेलं असतं. आम्हाला वाटलं, आता हे पोर कथा पुढे नेणार. वाट माहीत असलेला तोच तर आहे. पण त्याला वाचवलं आणि कथेने त्याला रजा दिली. गुरान, जो कॉमिक्समध्ये बांदरांचा प्रमुख आणि वेताळाचा लहानपणापासूनचा सखा, त्याच्या वाट्याला चार वाक्यं आणि गुहेतली उठबस. चित्रीकरण थायलंड आणि ऑस्ट्रेलियात झालं, झाडं छान हिरवी आहेत. पण ते जंगल कशाचं आहे, त्यात कोण राहतं, काय खातं, काय विकतं, याचा पत्ता नाही. मूळ आराखडा जो डान्टे या दिग्दर्शकाच्या काळात थट्टेच्या अंगाने लिहिला गेला होता, पुढे माणसं बदलली आणि ती थट्टा गंभीर चेहऱ्याने चित्रित झाली. त्यामुळे कुठे हसावं तेही धड कळत नाही.

हा रोग एकट्या या सिनेमाचा नाही. 'स्पॉन' १९९७ चा, 'कॉन्स्टंटाईन' २००५ चा, 'घोस्ट रायडर' २००७ चा. चित्रकथेतला शापित, अर्धा अंधारातला माणूस पडद्यावर येतो तो हत्यारांच्या प्रदर्शनासारखा. कॉन्स्टंटाईन मुळात इंग्लंडचा, कामगारवस्तीतला, कर्जबाजारी तोंडाळ माणूस. त्याला लॉस एंजेलिसला नेलं आणि त्याच्या बोलीसकट त्याचं गाव काढून घेतलं. उलट उदाहरण हवं तर आपल्याकडचा 'तुंबाड' पाहा, २०१८ चा. तिथेही खजिना आहे, तिथेही शापित देव आहे. पण ते सोनं वाड्यातून, पावसातून, त्या घराण्याच्या हावेतून वेगळं काढता येत नाही. सोनं बाहेर नेलं तरी तुंबाड बाहेर जात नाही.

फँटमच्या सिनेमात मात्र कवटी पिशवीत घालून उचलता येते. चांदीची कवटी जंगलातून निघते, न्यूयॉर्कला जाते आणि तिच्यामागे कथाही निघून जाते. जंगल मागे पडतं ते शेवटी निरोपापुरतं परत दिसतं. मित्रहो, ही गोष्ट आपण कुठेतरी ऐकलेली नाही का? जंगल म्हणजे जिथून काहीतरी उचलून न्यायचं ती जागा. साग, बांबू, तेंदूपत्ता, आता लोहखनिज. ट्रक निघाला की बातमी संपली. वाटाडं पोर घरी पाठवायचं.

जंगलाचा राखणदार कसा असतो, याची आपल्याकडे दुसरी गोष्ट आहे. ताडोबाची. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी लढताना मेला, लोकांनी त्याला देव मानलं, तळ्याच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात यात्रा भरायची. १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं ते त्याच्याच नावाचं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. डेंकालीचा राखणदार मरत नाही असं सांगावं लागतं. आपला राखणदार मेला, म्हणूनच राखणदार झाला. आणि ज्या वाघाने त्याला मारलं, त्याच्याच वंशजांना आज त्याच्या नावाखाली संरक्षण आहे! फॉकच्या कथांत एक बेट आहे, तिथे वाघ-सिंह हरणांबरोबर राहतात आणि मासे खाऊन पोट भरतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलच्या बाजूला मोहफुलं वेचायला पहाटे जाणाऱ्या बाईला हे बेट दाखवून बघा, काय म्हणते ती. भामरागडकडचे माडिया मेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात. मेलेला मेलाच आहे, पण तो गावाच्या हद्दीत आहे, त्याचा गावावर आणि गावाचा त्याच्यावर हक्क आहे. अमरपणाची ही दुसरी, आम्हाला जास्त पटणारी रीत.

मग जंगलाच्या लोकांनी वेताळ नाकारावा का? असा फतवा आम्ही काढणार नाही, कारण जंगलातल्या लोकांनी त्याचं काय केलं याचं एक अस्सल उदाहरण आहे. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात वाघी नावाचे लोक आहेत. नावाचा आपल्या वाघाशी संबंध नाही. त्यांच्याकडे ही चित्रकथा पोचली आणि त्यांनी आपल्या लढाईच्या ढालींवर फँटम रंगवला. जो मरत नाही तो ढालीवर हवाच. त्या ढाली आता संग्रहालयांत पोचल्या आहेत. सिंहासन, गोरा वंश, रोजनिशा, सगळं त्यांनी सोडून दिलं. उचलला तो मुखवटा, आणि तो धरला स्वतःच्या हातात. सिनेमाच्या साडेचार कोटी डॉलरांपेक्षा त्या एका ढालीवर फँटमचा जास्त चांगला अर्थ लागलेला आहे.

२०२० साली नेटफ्लिक्सवर 'बेताल' नावाची हिंदी मालिका आली होती, चार भागांची. ती कॉमिक्सवर नाही, पण आपल्या विषयाला लागून आहे. आदिवासी गाव, डोंगरातला जुना बोगदा, रस्त्यासाठी तो उघडायला आलेलं सशस्त्र दल, गावकऱ्यांना नक्षलवादी ठरवून हुसकावणं, आणि बोगद्यात कंपनी सरकारच्या मेलेल्या गोऱ्या सैनिकांची पलटण. सुरुवात वाचून आम्ही सरसावून बसलो. बोगद्यात काय आहे हे गावातल्या म्हातारीला ठाऊक आहे, साहेबाला नाही. दोरी कोण राखतं हा प्रश्न अगदी बरोबर मांडला होता. दुसऱ्या भागापासून गोळीबार सुरू झाला तो संपेचना, आणि गाव पुन्हा मागे पडलं.

मेंढा-लेखा इथून फार दूर नाही, धानोरा तालुक्यात. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली, देवाजी तोफांच्या गावची. २००६ च्या कायद्याखाली २००९ मध्ये देशात पहिल्यांदा ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, त्यात हे गाव. सुमारे १८०० हेक्टर जंगल. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांचं एकमत होईपर्यंत बसतात. गुहा नाही, सिंहासन नाही, मुखवटाही नाही. गाव बसतं. कुणी म्हणेल, मग यात वेताळ कुठे आला? आम्ही म्हणतो, बांदर आले. जे चारशे वर्षं मागे उभे राहून दोरी विणत होते ते पुढे येऊन बसले, एवढंच.

[या ठिकाणी व्याख्यान संपले. श्रोत्यांमधील एका विद्यार्थिनीने विचारले : सर, आज वेताळावर नवा सिनेमा काढायचा झाला तर तुम्ही कुठून सुरुवात कराल?]

चांगला प्रश्न आहे, बसा. आम्ही विसावा वेताळ मेला त्या रात्रीपासून सुरुवात करू. मुलगा दूर शहरात शिकतो आहे, त्याला यायला चार दिवस लागणार. चार दिवस जंगलात वेताळ नाही आणि हे बाहेर कुणाला कळता कामा नये. मग कुणीतरी उंचापुरा माणूस बघून त्याला मुखवटा घालायचा, घोड्यावर बसवायचं आणि लांबून चाच्यांना दाखवायचं. गुरानचा बाप असेल, कुणी असेल. म्हाताऱ्या बाया आपसात ठरवतील की पोरासोरांना काय सांगायचं. आणि मुलगा आला की त्याच्या मापाचा पोशाख रातोरात तयार हवा. बापाचा तर अंगात बसणार नाही. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात सुई-दोरा घेऊन जो बसला आहे, कॅमेरा त्याच्या हातांवर ठेवा. वेताळ तो शिवतो आहे. चेहरा दाखवायला घाई नको, पण त्याला नाव मात्र द्या.

बरं, चहा झालेला दिसतो. उरलेले प्रश्न तिकडेच विचारा.